बावीकडे, फणसाकडे

आमच्या पाणंदीत डावं-उजवं चालत नाही. तिथे बाव आहे आणि फणस आहे.

डांबरी रस्ता सोडला की आमच्या वाडीची पाणंद चढणीला लागते आणि थेट विहारापाशी जाऊन संपते. दोन्ही अंगांना चिऱ्यांचे गडगे, बुटक्या दगडी भिंती. मध्यावर एका बाजूला वाडीची जुनी विहीर, म्हणजे बाव, आणि तिच्या समोर, पलीकडच्या गडग्याला टेकून, एक फणस. वर विहारापाशी ट्रॅक्टर वळवायला जागा नाही. त्यामुळे जे काही न्यायचं ते ट्रॉली पुढे आणि ट्रॅक्टर मागे अशा उलट्या चालीनेच वर न्यायचं. चिरे, शेणखत, लग्नाची भांडी, सगळं असंच वर चढतं. जयंतीला फुलांनी सजवलेली तसबीरसुद्धा तशीच जाते.

आता उलट्या चालीत मागे उभं राहून कुणीतरी सांगावं लागतं. तो म्हणाला "डावीकडे", की पंचाईत. त्याच्या डावीकडे, की मान मागे वळवून बसलेल्या ड्रायव्हरच्या? त्यात ट्रॉली ही जात अशी, की स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तिचं शेपूट उजवीकडे जातं. एवढे सगळे उलटे-सुलटे हिशेब चढणीवर कोण करणार? म्हणून फार पूर्वी कुणा शहाण्याने डावं-उजवं वाडीतून हद्दपार केलं. आमच्याकडे मागचा माणूस ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, जरा बावीकडे... आता फणसाकडे... बस." भांडण नाही, तंटा नाही.

हा मागचा माणूस म्हणजे माझी बायको. पुढचा मी.

मी पेशाने शाळामास्तर. ट्रॅक्टर सेकंडहँड, छोटा, पण आवाजाने मोठा. वाडीच्या नाटकांत मी राजा झालो, खलनायक झालो, एकदा आयत्या वेळी राणीही झालो. पण माझी खरी भूमिका जयंतीची. त्या दिवशी ट्रॉली पाणंदीत उलटी चढत असते, आणि लेझीमवाले, पोरंबाळं, पांढऱ्या साड्यांतल्या बाया, सगळी मिरवणूक ट्रॅक्टरच्या तोंडासमोर, माझ्याकडे बघत वर येत असते. सबंध वाडी माझ्याकडे तोंड करून चालते. असा प्रेक्षक मुंबईच्या नटालाही मिळत नसेल.

आणि नेमकी माझी मान गेली.

डॉक्टरांनी गळ्यात पट्टा घातला आणि मागे वळून बघायला मनाई केली. कुणी हाक मारली तर मी खुर्चीसकट वळायचो. बायको म्हणाली, "नाटकात राजा चालतो तसेच दिसताय. फक्त मुकुट नाय." मागच्या जयंतीला पट्टा काढून मी कसाबसा बसलो खरा, पण फणसाच्या बाजूला ट्रॉलीचा कोपरा गडग्याला घासला, तसबीर थरथरली आणि ट्रॉलीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी एका सुरात माझं नाव घेतलं. चांगल्या अर्थाने घेतलं नाही.

वाडीचं एक मंडळ गावात असतं आणि दुसरं मुंबईत. वर्चस्व कुणाचं, हे कोकणात सांगायला नको. आमच्या मुंबई मंडळाचा चिटणीस माझा धाकटा चुलतभाऊ. मोठ्या सोसायटीत सिक्युरिटीचा सुपरवायझर आहे, दिवसभर कॅमेऱ्यांच्या पडद्यांसमोर बसतो. होळी उरकली तसा त्याचा फोन आला.

"दादा, या टायमाला आपण भाड्याचा ड्रायवर सांगतोय."

"का? मी काय मेलोय?"

"नाय रे. तू बस ना ट्रॉलीत, सन्मानाने. शाल बील घालू."

"शाल घालून मला ट्रॉलीत घालणार?"

"मंग काय करू? तुझी मान वळत नाय. तुझ्या मागं कॅमेरा लावू काय आता?"

तो हसला आणि त्याने फोन ठेवला. त्याने टोमणा मारला होता, मी ती सूचना समजलो. माझा असा स्वभावच आहे.

मोबाईलवर शोधलं तर खरंच मिळतो. ट्रकच्या, गाडीच्या मागे लावायचा छोटा कॅमेरा, लांब वायर, आणि वहीच्या अर्ध्या पानाएवढा पडदा. किंमत एका बऱ्यापैकी सुरमईएवढी. त्या आठवड्यात घरात सुरमई आली नाही, खोकं आलं.

बसवण्याचं काम मी स्वतःच काढलं. पडदा मडगार्डवर, हाताजवळ. ट्रॅक्टर थरथरतो म्हणून त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. उन्हात काही दिसेना म्हणून रंगाचा रिकामा डबा कापून त्याची टोपी केली. वीज बॅटरीवरून, मध्ये एक बटण. कॅमेरा तूर्त ट्रॅक्टरच्याच मागे बांधला, कारण ट्रॉली शेजारच्यांनी खताला नेली होती. बटण दाबलं आणि पडद्यावर आमचं मागलं अंगण आलं. न्हाणी, पाण्याचं निळं पिंप, दोरीवरचे माझे बनियन. माझ्याच बनियनकडे मी कौतुकाने बघत राहिलो.

"बघा तरी," मी बायकोला म्हणालो. "मान न वळवता मागचं सगळं दिसतं."

"मला मान वळवूनही दिसतं. चालवा."

मी रिव्हर्स टाकला. पिंप पडद्याच्या डाव्या बाजूला होतं, म्हणून सावधपणे ट्रॅक्टर उजवीकडे घेतला. पिंप जवळ आलं. आणखी उजवीकडे घेतला. पिंप आणखी जवळ आलं. मी अगदी पूर्ण उजवीकडे कापला, तेव्हा पिंपाचा मोठा आवाज झाला आणि पडद्यावर नुसतं पाणी दिसायला लागलं.

बायकोने लवंडलेलं पिंप उभं केलं. मग शांतपणे म्हणाली, "पिंप मागं होतं. टीव्हीत दिसत होतं. आणि तुम्ही शोधून शोधून त्याच्यावर गेलात."

"चित्र उलटं येतंय गं. डावं ते उजवं दिसतंय."

"मंग भावोजींना सांगा ड्रायवर आणायला. जयंतीत पिंप नसतं, माणसं असतात."

ती अंगणवाडीत शिकवते. तिच्यापुढे भल्याभल्यांची उत्तरं संपतात. पण एक मात्र पदरात पाडून घेतलं. मिस्त्रीकडून चित्र सरळ करून आणायचं, मग ती पाणंदीत एकदा बघणार, आणि ती हो म्हणाली तरच मी भावाशी बोलायचं. माझी सीट तिच्या हातात होती.

मिरजोळ्याला एमआयडीसीच्या वाटेवर ट्रकचं वायरिंग करणारा एक मिस्त्री बसतो. विहाराच्या पायऱ्यांसाठी सिमेंट आणायचंच होतं, तेव्हा ट्रॉली जोडून त्याच्याकडे गेलो. त्याने कॅमेरा काढून ट्रॉलीच्या मागल्या फळीला बसवला, वायर खालून ओढून घेतली, जोडाजवळ एक पिन दिली म्हणजे ट्रॉली सोडताना वायर तुटायला नको. मग त्याने कॅमेऱ्यातून निघालेलं एक हिरव्या वायरीचं वेटोळं मला दाखवलं.

"ही कापली की चित्र फिरतं. पुढं लावायचा कॅमेरा मागं लावला तर कापावी लागते. तुम्ही कापलीच नाय."

"मग कापा."

"पक्कड आणतो," म्हणून तो आत गेला. तेवढ्यात बाहेर एक ट्रक येऊन उभा राहिला आणि हॉर्नवर बसला. मी त्याच्या वाटेत होतो. मागे दोन टपऱ्यांच्या मध्ये जागा होती, ट्रॉली आत जाईल एवढीच. मान वळवणं शक्य नव्हतं. मी पडद्याकडे बघितलं. जागा पडद्यावर डावीकडे दिसत होती. घाईत स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि पिंपासारख्या आवाजाची वाट बघत बसलो.

आवाज आला नाही. ट्रॉली लोण्यात सुरी जावी तशी डावीकडे, म्हणजे पडद्यावरच्या डावीकडे, त्या जागेत जाऊन बसली. मी पुन्हा पुढे घेतली आणि पुन्हा मागे टाकली. पुन्हा तेच. पडद्यावर जिकडे जायचं तिकडे स्टिअरिंग फिरवायचं, ट्रॉली तिकडे जाते. गेली कित्येक वर्षं हिच्याशी उलटं वागून मी तिला सरळ नेत होतो, आणि आज ती पहिल्यांदा माझ्या मनाप्रमाणे वागत होती.

मग डोक्यात उजेड पडला. ट्रॉली मुळातच उलटी. चित्रही उलटं. दोन उलट्या माणसांचा संसार सुखाचा व्हावा तसं त्यांचं जमलं होतं.

मिस्त्री पक्कड घेऊन आला.

"कापू नका," मी म्हणालो.

"अहो, उलटं दिसतंय ना?"

"उलटंच राहू दे."

त्याने पक्कड खिशात घातली. "बिघाडासकट माल पायजे म्हणणारं गिऱ्हाईक आज पयलं बघितलं," म्हणाला, आणि चहा मागवला.

घरी आल्यावर पाणंदीतली परीक्षा झाली. बायको माझ्या शेजारी मडगार्डवर बसली, नेहमीसारखी मागे उभी राहिली नाही. मी बटण दाबलं. ती पडद्याकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

"यात बाव खयच्या बाजूला?" असं ती मालवणी सिनेमातल्यासारखं मुद्दाम विचारते, तेव्हा समजावं की ती माझी मजा बघते आहे. मग स्वतःच म्हणाली, "खरंच सांगा. माझ्या उजव्या हाताला बाव हाय आणि हितं ती डावीकडं दिसते. मी सांगायचं कसं?"

"सांगायचं नाहीच. आता कॅमेरा सांगणार."

हे मी बोलायला नको होतं. ती तडक उतरून घरात गेली. मला वाटलं, गेली सीट. पण ती परत आली ती माझ्या मानेच्या औषधांतली पांढरी चिकटपट्टी आणि अंगणवाडीचं जाड पेन घेऊन. पट्टीचे दोन तुकडे कापून तिने पडद्याच्या डाव्या कडेला लावला एक, उजव्या कडेला एक. आपल्या सुबक, गोल अक्षरात डावीकडे लिहिलं "बाव". उजवीकडे लिहिलं "फणस".

"आता चालवा," म्हणाली.

चालवली. ती शेजारून पडद्यात बघत "बावीकडे... बावीकडे... फणसाकडे" म्हणत राहिली, मी ते नाव ज्या कडेला लिहिलंय तिकडे स्टिअरिंग फिरवत राहिलो, आणि ट्रॉली दोन्ही गडग्यांच्या मधून विहारापर्यंत अशी गेली, की फणसाला पत्तादेखील लागला नाही.

"भावोजींना फोन लावा," ती म्हणाली.

चुलतभाऊ जयंतीच्या आदल्या दिवशी आला. त्याने पडद्याचं निरीक्षण तज्ज्ञाच्या चेहऱ्याने केलं, चिकटपट्ट्या वाचल्या आणि म्हणाला, "दादा, आमच्या सोसायटीतल्या कॅमेऱ्यांना असं कायतरी लिवायला पायजे." पण भाड्याचा ड्रायव्हर त्याने रद्द केला नाही. तो माणूस जयंतीला पांढरा शर्ट घालून हजर होता आणि पाणंदीच्या तोंडाशी, माझी मान कधी अडते याची वाट बघत उभा होता.

संध्याकाळी मिरवणूक पाणंदीत शिरली. ढोल, लेझीम, ट्रॉलीत तसबीर आणि मागच्या वर्षीच्याच म्हाताऱ्या. या खेपेला त्यांनी आधीपासूनच कठड्याला घट्ट धरलं होतं. मी बटण दाबलं. रंगाच्या डब्याच्या टोपीखाली चित्र लख्ख आलं. अर्धी पाणंद मी नटासारखी चढलो, लेझीमवाल्यांना मधूनच मान डोलवून, म्हणजे खांदे डोलवून, दाद देत.

फणसाच्या जरा अलीकडे पडदा निळा झाला. सबंध निळा. बाव नाही, गडगा नाही, काही नाही. ट्रॉलीच्या मागल्या बाजूला पोरांनी सजावटीचं निळं कापड लावलं होतं, ते सुटून कॅमेऱ्यावर पडलं होतं. मी ब्रेक दाबला. समोर सगळी वाडी माझ्याकडे बघत होती. खाली पांढऱ्या शर्टाची हालचाल सुरू झाली. चुलतभावाने त्याला हाताने "चल" म्हणून खुणावलंही.

आणि पडद्यावरचं निळं वर उचललं गेलं. आत माझी बायको होती; सवयीने ती आजही ट्रॉलीमागेच चालत होती. तिचं तोंड कॅमेऱ्याच्या इतकं जवळ होतं, की पडदाभर फक्त नाक आणि कुंकू नसलेलं ते रुंद कपाळ. त्या कॅमेऱ्याला आवाज नाही आणि बाहेर ढोल वाजत होते. पण तिच्या ओठांची हालचाल मी ओळखली. बा-वी-क-डे. मग ती एका बाजूला सरकली, एका हाताने कापड वर धरून दुसऱ्या हाताचं बोट तिने बरोबर तिकडे केलं, जिकडे पडद्याच्या कडेला तिच्याच अक्षरात बाव लिहिली होती.

मी स्टिअरिंग बावीकडे फिरवलं. मग तिने बोट फणसाकडे केलं, मी फणसाकडे घेतलं. विहारापर्यंत ती पडद्यात मागे मागे चालत होती आणि मी तिच्याकडे बघत तिच्यामागे जात होतो. ट्रॉली गडग्याला शिवलीसुद्धा नाही. वर पोचल्यावर म्हाताऱ्यांनी कठडा सोडला.

पांढऱ्या शर्टाला जेवण घालून परत पाठवलं. पंगतीत चुलतभाऊ माझ्या शेजारी बसला. "दादा, कॅमेरा झकास हाय," म्हणाला. "फकस्त एक इचारतो. वहिनी त्याच्यात बसवूनच मिळते, की वेगळी आणावी लागते?"

"वेगळी," पलीकडून वाढता वाढता तीच म्हणाली. "आणि ती बिघाडासकट आणली त्यांनी."

आता मला कुठेही ट्रॉली मागे घ्यायची झाली तरी बाव आणि फणस लागतात. परवा संगमेश्वरला सासुरवाडीला काजूची रोपं पोचवायला गेलो. अंगणात ट्रॉली मागे घेताना बायको मडगार्डवरून सवयीने म्हणाली, "जरा बावीकडे." तिचे वडील अंगणाच्या टोकाशी उभे होते. त्यांच्या घरी विहीर नाही, नळ आहे. ते घाबरून चारही बाजूंना बघायला लागले.

उन्हाने चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. गेल्या आठवड्यात बघतो तर तिने दोन्ही काढून नव्या लावल्या होत्या, अक्षर तसंच गोल.

"म्हणजे येत्या जयंतीला पण मीच ना?" मी विचारलं.

"पट्टी लावलीय," ती म्हणाली. "सही केलेली नाय."