चर बुजवणारी अक्का
निजामाच्या काळात नळ घालण्यासाठी नौबादला आमच्या दारासमोरचा रस्ता खोदला होता. चर बुजवायला आलेल्या मजुरांत एक उतारवयाची बाई होती. बाकीचे माती लोटून मोकळे व्हायचे. ती मात्र थोडी माती, थोडं पाणी टाकून जड लाकडी धुमसानं चोपत राहायची.

मुकादम ओरडला, "अक्का, कामून येळ लावायलीस? वरून सपाट दिसलं की झालं!"

"मैलूरला बुजवलेला चरबी वरून सपाटच दिसत व्हता, अप्पा," ती म्हणाली. "पावसात माती खचली, गाडी उलटली. खाली माझी लेक व्हती."

मुकादमानं दुसरा धुमस उचलला.

संध्याकाळी पहिली बैलगाडी तिथून गेली, तेव्हा ती बाई पदर तोंडाशी धरून उभी होती. चाकं पार झाल्यावरच तिनं श्वास सोडला.