न विचारता नेलेली मोटार

ती मोटार आणि तिला नेणारा तो पोरगा मी आजही विसरलेलो नाही, आणि विसरण्याची माझी मुळीच इच्छा नाही. नोकरीत असताना मी दरोडे पाहिले, खून पाहिले, एकदा तर चोरीला गेलेला घोडा स्वतः त्याच्यावर बसून ठाण्यापर्यंत आणला. पण मित्र जमले आणि कुणी म्हणालं, "एखादी केस सांगा की," तर मी घसा खाकरून याच केसपासून सुरुवात करतो. आरोपीने पहिल्याच प्रश्नाला गुन्हा कबूल केला आणि तिथूनच माझी पंचाईत सुरू झाली, अशी केस मला दुसरी मिळाली नाही.

तेव्हा मी शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन चहाचा पहिला घोट घेतो तोच दारातून आरोळी आली.

"साहेब, मन्ही मोटार गयी! चालू मोटार! सोनानी मोटार व्हती ती!"

आरोळीमागून माणूस आत आला. म्हसावदकडचा बागायतदार, पपईवाला, अंगाने ऐसपैस, मिशीला रोज तेल. बायकोला घेऊन नातेवाइकांच्या लग्नाला नवापूरला गेला होता. परत येऊन पाहतो तर विहिरीवरची मोटार गायब. निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मोटार धडधडत पाणी फेकत होती, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली, गुन्हा नोंदवला. मी स्टेशन डायरीला नोंद करून निघायच्या तयारीला लागलो, तर मागच्या दाराने माझा खबऱ्या हजर.

हा खबऱ्या भंगाराचा धंदा करायचा. आवाज इतका बारीक, की खबर देतोय की तक्रार करतोय ते कळू नये.

"साहेब, डोंगरना पायथाले ते केंद्र शे ना, तठे तांबाना पोता भरेल शेतस. वाया जायेल पोरे सम्दा एकच जागे. चोरेसनी शाळा शे ती, शाळा!"

मोटारीच्या आत तांब्याची तार असते, हे चोरांना मोटारवाल्याच्या आधी ठाऊक असतं. मी खूश झालो. तपासात वेषांतर करायची संधी क्वचित मिळते आणि नाटकाची हौस मला शाळेपासून. धोतर नेसलं, टोपी घातली, खांद्यावर उपरणं टाकलं आणि एका जमादाराच्या फटफटीवर मागे बसून शेतकरी होऊन निघालो.

केंद्र म्हणजे सोसायटीचं जुनं गोदाम होतं. चोरांचा अड्डा पाहायला गेलेल्या मला आधी दिसली ती ओसरीवर लहान मुलांची पंगत. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत गेलेले. पूर्वी ही मुलंही बरोबर फडात जायची आणि शाळा सुटायची ती कायमची. आता ती इथे राहत, इथून शाळेत जात, आणि गावातल्या म्हाताऱ्या आज्या पाळीपाळीने त्यांना जेवू घालत. एका कोपऱ्यात दोन बाळंतिणी बसलेल्या, आणि तान्ह्या बाळाला झोळीत घालून वजनकाट्याला लटकवलेलं. बाळ माझ्याकडे बघून हसलं. वेषांतरात असल्यामुळे मी गंभीर राहिलो.

आतल्या मोठ्या खोलीत दहा-बारा तरुण पोरं मोटारी उघडून तार भरत होती. कुणी सुरतेत कामाला जाऊन दारू शिकून आलेला, कुणी नापास होऊन घरी बसलेला, कुणी मारामारीत आमच्याच ठाण्याचं पाणी प्यायलेला. दोघांनी मला ओळखलं आणि माना खाली घातल्या. कोपऱ्यात तांब्याच्या जळक्या तारेची पोती होतीच.

केंद्र चालवणाऱ्या बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खालीच थांबल्या.

"काय काम काढलंत, साहेब?"

"साहेब कुठला, बाई? आम्ही शेतकरी माणूस."

"शेतकरी असे तपकिरी पॉलिशचे बूट घालून बांधावर गेला तर बैल उठून सलाम ठोकतील. बसा. पाणी घ्या."

माझ्यामागे जमादाराला खोकला आला. तो खोकला नव्हता हे मला पक्कं माहीत आहे.

सोंग गेलं, आता वर्दीची भाषा. बाईंनी तांब्याचा हिशेब सरळ सांगितला: लोक जळालेल्या मोटारी आणतात, पोरं जुनी तार काढून नवी भरतात, जुनी तार पोत्यात जाते. आणि फिर्यादीत लिहिलेली मोटार तर समोरच्या बाकावर मांडलेली होती! त्याच रंगाची, तोच कंपनीचा शिक्का, बाजूला तोच पोचा. तिच्यावर वाकलेला विशीचा सडपातळ पोरगा तारेचा शेवटचा वेढा बसवत होता.

"ही मोटार कुणाची?"

"पपईवाल्या मालकाची," तो म्हणाला.

"कुणी आणली?"

"मी."

"त्यांनी दिली?"

"नाही. ते नव्हते."

"मग का आणलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू काही मीच प्रश्न चुकलो. "बंद होती," तो म्हणाला.

बाईंचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. मालकानेच पाठवली असेल असं त्या धरून चालल्या होत्या.

पंचनामा केला, मोटार मुद्देमाल म्हणून जप्त केली आणि पोराला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. त्याचा बाप त्याच पपईवाल्याकडे सालदार, म्हणजे वर्षभराच्या बोलीने शेतावर राहणारा गडी. बाप काही दिवस डोंगरातल्या घरी गेलेला. पोराने भर दुपारी बैलगाडी जुंपली, मोटार टाकली आणि भरल्या गावातून, ओळखीच्यांना रामराम करत, घेऊन गेला. जुना चोर असा वागत नाही, हे मला दिसत होतं. पण फिर्याद सांगत होती मोटार चालू होती, आणि पोरगा सांगत होता बंद होती. जळालेली तार तर पोत्यात मिसळून गेलेली. एकाचा शब्द दुसऱ्याविरुद्ध, आणि शब्दांत वजन मिशीवाल्याचं.

मी आवाज चढवला, उतरवला, टेबलावर हात आपटला, गोड बोललो. माझे सगळे अंक झाले. पोरगा एकच वाक्य बोलायचा: "बंद होती, साहेब."

दुपारी बाई आल्या. उभ्याच राहिल्या.

"साहेब, याची वीज कंपनीत वायरमनच्या प्रशिक्षणाला निवड झाली आहे. पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी आहे. या केंद्रातून नोकरीच्या दारापर्यंत पोचलेला हा पहिला. याची दारू सोडवायला मी याच्या घरी किती चकरा मारल्या ते याच्या आईला विचारा. एकदा तर यानेच मला हाकललं होतं."

"बाई, मोटार चालू असताना नेली असेल तर ती चोरी. मी काय करू?"

"तपास करा," त्या म्हणाल्या. "त्याचाच तर तुम्हाला पगार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला बाहेर येतो तर ठाण्याचं आवार भरलेलं. केंद्रातली सगळी पोरं, आज्या, बाळंतिणी, आणि डोंगरातून उतरून आलेला पोराचा बाप. घोषणा नाहीत, निवेदन नाही. फडक्यात भाकरी बांधून आणलेल्या आणि लिंबाखाली शांत बसलेले. मोर्चा कसा हाताळायचा ते मला ठाऊक होतं. हे कसं हाताळायचं ते कुठल्याच नियमपुस्तकात नव्हतं. मी आत जाऊन बसलो.

थोड्या वेळाने हवालदार ओरडत आला. "साहेब, त्यांनी नळ उघडला!"

आवारातला नळ माझी या ठाण्यात बदली होण्याच्या आधीपासून गळत होता. बाहेर जाऊन पाहतो तर दोन पोरं त्याला नवा वायसर बसवून उठत होती. तिसरा जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून हॉर्नची तार जोडत होता. आज्यांनी आवार झाडून काढलं होतं.

"कुणी सांगितलं रे तुम्हाला?" हवालदार गरजला.

"कुणी नाही," नळावरचा पोरगा म्हणाला. "गळत होता."

गळत होता. बंद होती. मी जागच्या जागी उभा राहिलो. बापाला आत बोलावलं. खुर्ची दिली, तो जमिनीवरच टेकला. घरी पावरी, म्हणजे डोंगरातली आदिवासी बोली, बोलणारा माणूस. मराठी एकेक शब्द तपासून वापरायचा.

"काका, तुमच्यात दुसऱ्याची वस्तू न विचारता नेतात?"

"नेत नाही," तो म्हणाला. "नीट करतात."

"म्हणजे?"

"आमच्यात लाह असते, साहेब. कोणाचं घर पडलं, सगळे जातात, उभं करतात. विचारत नाही. विचारलं तर तो लाजेल. म्हणेल, नको, नको. मग घर पडलेलंच राहील." पुढे म्हणाला, "पोरगा माझ्याकडे भेटायला आलेला. पपई सुकताना बघितली. मी घरी गेलो, त्याने गाडी जुंपली. त्याचं चुकलं ते एवढंच: मालक खालच्या गावचा आहे. खाली विचारावं लागतं."

आता प्रश्न एकच उरला. मोटार खरंच बंद होती का? मी जीप काढली. हॉर्न वाजत होता. वाटेत मी तो गरज नसताना दोनदा वाजवला.

पपईवाल्याच्या मळ्यात मालक नव्हता. मला तेच हवं होतं. विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर कोळ्याने ऐसपैस जाळं विणलेलं. पाटाच्या मातीला बोट शिरेल अशा भेगा. मीही शेतकऱ्याच्याच घरात वाढलो आहे. लग्नाला जाऊन येण्याएवढ्या दिवसांत पाट इतका फाटत नाही. पपईची पानं छत्री मिटावी तशी खाली लोंबलेली. तेवढ्यात डोक्यावर हंडा घेऊन मालकीण आली.

"काकू, मोटार चोरीला गेली म्हणून हंड्याने पाणी?"

"कसानी चोरी, भाऊ?" काकूंनी हंडा उतरवला. "ती तं कव्हयनी जयी गयेल व्हती. तव्हयपासून मी हंडावरी पाणी टाकी ऱ्हायनू पपईसले. मन्ही कंबर मोडी गयी. हाऊ माणूस कोणले सांगस का?"

आणि हा माणूस बांधावर येऊन उभा! त्याने बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मोटार नसलेल्या चौथऱ्याकडे पाहिलं. मिशीचं तेल उन्हात चकाकत होतं, पण मिशी पडली होती.

खरी गोष्ट अशी निघाली. शेजारचा मळा त्याच्या सख्ख्या भावाचा. मागच्या हंगामात भावाची मोटार जळाली तेव्हा आमच्या फिर्यादीने साऱ्या पारावर सांगितलं होतं, की अक्कल असणाऱ्याची मोटार जळत नसते. आणि मग याचीच जळाली. शहाद्याला दुरुस्तीला न्यावी तर रस्ता भावाच्या दारावरून. म्हणून सुकू दे पपई, पण भावाला कळायला नको! लग्नाहून येऊन पाहतो तर मोटारच नाही. त्याला वाटलं, देव पावला. चोरीला गेलेल्या मोटारीला कुणी जळालेली म्हणत नाही.

"साहेब, आते काय व्हई?" त्याने विचारलं.

"आता तुम्ही खरा जबाब द्याल," मी म्हणालो. "नाहीतर मी तो तुमच्या भावासमोर घेईन."

जबाब इतक्या तत्परतेने दिलेला मी आयुष्यात पाहिला नाही. वस्तुस्थितीचा गैरसमज म्हणून 'क' समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याचा अहवाल, न्यायालयात पाठवली, ती मंजूर झाली, मोटार सुटली. पोराने उरलेलं काम पूर्ण करून ती चौथऱ्यावर बसवली. बटण दाबताच पाण्याचा लोंढा पाटात कोसळला. काकू पाण्यात पाय सोडून बसल्या आणि आवाज ऐकून शेजारच्या बांधावरून भाऊही पाहायला आला. "जयेल व्हती का?" त्याने विचारलं. पपईवाल्याने मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "जयेल व्हती." दोघं हसले. त्यांचं हे बऱ्याच वर्षांतलं पहिलं बोलणं, असं काकूंनी मला नंतर सांगितलं.

खबऱ्याचंही कळलं. जी पोरं पूर्वी तार तोडून त्याला तांबं विकायची, ती आता बाईंकडे तार भरत होती. त्याचा धंदा बसला, म्हणून केंद्र त्याला चोरांची शाळा दिसत होतं. मी त्याला त्यानंतरही चहा पाजला, पण त्याची खबर दोनदा गाळून घेऊ लागलो.

या केसने मला काय शिकवलं? पोलिसाला कबुली मिळाली की तो थांबतो. मीही थांबलो असतो. त्या लोकांनी नळ दुरुस्त केला नसता, तर मी 'नेली का' एवढंच विचारत राहिलो असतो आणि 'कशाला नेली' याचं उत्तर माझ्यासमोर पडून राहिलं असतं. दुसरं म्हणजे, बिघडलेली पोरं एकत्र दिसली की आम्ही टोळी म्हणतो. बाईंनी त्याच पोरांना एकत्र बसवलं, हातात काम दिलं, आणि बरोबर त्यांच्या आया, आज्या, भावंडं बसवली. एकट्या पोराला सुधारायला माझ्याकडे कोठडी होती. त्यांच्याकडे अख्खं गाव होतं. त्या बाईंना मी वर्दीत असताना सलाम केला, तो प्रोटोकॉलमध्ये बसत नव्हता.

काही आठवड्यांनी वीज कंपनीकडून पोराच्या पडताळणीचा कागद आला. ओळखीच्या दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे जबाब लागतात. एक बाईंचा झाला. दुसऱ्यासाठी कुणाला बोलवावं असा विचार करत होतो, तर पपईवाला कुणी न बोलावताच दारात उभा. धुतलेला सदरा, मिशीला ताजं तेल.

"लिखा, साहेब. हाऊ पोऱ्याले मी चांगला वळखस."

"कसं ओळखता? ते लिहावं लागतं."

तो अडखळला. मग मान ताठ केली.

"हाऊच मन्ही मोटार लई गयथा."

ठाणे अंमलदाराने पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. चांगल्या वर्तणुकीच्या पुराव्यात असं वाक्य त्याने कधी लिहिलं नव्हतं.

"लिहा," मी म्हणालो. "ते सांगतायत तस्संच लिहा."

पोरगा नोकरीवर रुजू झाला.