आज नेताजींनी माझ्या गाण्याला टाळ्या वाजवल्या

मंडळी, आज दुपारचं सांगते.

माधव नगरात आपल्या मराठी मंडळाचा स्नेहमेळावा होता आणि आमच्या बँडला पहिल्यांदा बोलावलं होतं. आम्ही पंक आणि रॅप मिसळतो. पंकमध्ये मी घसा फाटेपर्यंत ओरडते, मग गिटार थांबते आणि रॅपमध्ये मी सगळं साफ-साफ बोलते. नवं गाणं सडक चौडी करताना तोडलेल्या घरांवर आहे.

स्टेजवर चढताना सेक्रेटरी काकांनी मला बाजूला घेतलं. "बेटा, नेताजी समोर बसलेत. आपल्या हॉलवर पण तोडायचं निशाण लागलंय, वाचवणं त्यांच्याच हातात आहे. ओरड हवं तेवढं, त्यात काही कळत नाही. ते मधलं बोलणं तेवढं नको."

राग आला. पण हॉलचं ऐकून घाबरलेसुद्धा. मग रॅपच्याच ओळी मी गिटारच्या गोंगाटात ओरडून टाकल्या. म्हटलं, शब्द तर तेच आहेत ना!

नेताजींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याबरोबर फोटो पण काढला.

खाली सुधामावशी भेटल्या. त्यांची पुढची खोली गेल्याच महिन्यात तोडली. "काय जोर आहे गं तुझ्या आवाजात! कशावर होतं गाणं?"

मी तिथेच हळू आवाजात त्यांना ओळी म्हणून दाखवल्या. मावशींचा चेहराच बदलला.

"मग हे वर का नाही बोललीस?"

हॉल कदाचित वाचेल. पण आज मी नक्की कोणासाठी गायले, तुम्हीच सांगा.