पुलियावरचं गूळपाणी

आमच्या तालुक्याच्या गावात डॉक्टर कमी आणि वैद्य फार. ‘मला शुगर आहे’ एवढं तोंडातून निघायचा अवकाश, पानठेल्यावरचा माणूससुद्धा चुना लावता लावता तुमचं पथ्य ठरवून देतो. कारल्याचा रस घ्या, जांभळाच्या बियांची पूड घ्या, अनवाणी चाला. मी विशीपासून पोटात इन्सुलिनची सुई टोचून घेतो आहे आणि आता केस पिकले. एवढ्या वर्षांत फुकटच्या सल्लागारांपैकी एकानेही मला विचारलं नाही की तुमची शुगर चढते की उतरते.

त्यांच्या लेखी शुगर फक्त चढते. ती उतरतेही, आणि उतरली की माणसाला घेऊनच उतरते, हे त्यांना सांगायला जावं तर ते हसतात. टोचलेलं इन्सुलिन पोटात आपलं काम करतच असतं. त्यात तुम्ही झपाझप चालायला लागलात की पायही रक्तातली साखर ओढून घेतात. दोघांनी मिळून भांडं खरवडलं की हात थरथरतात, घाम फुटतो, जीभ जड होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अक्कल जाते. म्हणून मी चालायला निघण्याआधी बोट टोचून शुगर बघतो, कमी असेल तर काही खातो, आणि खिशात संत्रागोळ्या ठेवतो. गडबड वाटली की थांबायचं, गोळ्या चघळायच्या, पाव तास बसायचं, पुन्हा बोट टोचायचं. यात कसलं शास्त्र नाही, घरातून निघताना चपला घालण्यासारखं आहे ते.

पण आमच्या प्रभातफेरी मंडळाला ते पटत नसे.

मंडळाचा जन्म वाघामुळे झाला. लाकडाच्या डेपोच्या पुढे, रस्त्याच्या कडेला वाघ बसलेला दोनतीनदा लोकांनी पाहिला, तेव्हा एकट्याने फिरणाऱ्यांची पाचावर धारण बसली. मग महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एका साहेबांनी सगळ्यांना एकत्र केलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि स्वतःला अध्यक्ष करून घेतलं. नियम एकच होता, आणि अध्यक्ष तो रोज सकाळी शिट्टी मारून म्हणत: सोबत निघायचं, सोबत परतायचं, कोणाला मागे सोडायचं नाही. नोकरीत असताना ज्यांच्या टेबलावर माणसं महिनोन्महिने मागे राहिली, त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला मौज वाटे. पण वाघ मलाही नको होता, म्हणून मी जात होतो.

अध्यक्षांनाही शुगर होती. ती एका गोळीने सुतासारखी सरळ होत असे आणि त्याचं श्रेय ते स्वतःच्या चारित्र्याला देत. ‘उपाशीपोटी चाला, शुगर जळून खाक होते’ हा त्यांचा मंत्र. थर्मासमधून कारल्याचा रस आणत आणि टोपणातून वाटत, तोंड वाकडं करणाऱ्याकडे करुणेने बघत. मी निघण्याआधी बिस्किट खातो हे कळल्यापासून मी त्यांच्या नजरेत बिघडलेला इसम झालो. खताचे दुकानदार त्यांचे उजवे हात. ते म्हणायचे, “गुरुजीच्या जिभेवरच ताबा नाई, पोरायले काय शिकवतील?”

तो दिवस ऐन थंडीतला, धानाची कापणी आटोपलेली. आदल्या दिवशी शाळेत क्रीडास्पर्धेसाठी मैदान तयार करत होतो. दिवसभर दगड वेचले, रेघा मारल्या, पोरांसोबत धावलो. अशा मेहनतीचं बिल शरीर दुसऱ्या दिवशीही वसूल करतं, हे मला ठाऊक असल्याने मी सकाळचं इन्सुलिन नाश्त्यापर्यंत मागे ठेवलं, बिस्किटं खाल्ली आणि जास्तीच्या गोळ्या खिशात टाकल्या. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मात्र पोटात होतंच, ते काही बाहेर काढून ठेवता येत नाही.

चौकात जमलो तर अध्यक्षांनी नवा कार्यक्रम जाहीर केला. आज नदीच्या पुलापर्यंत, आणि झपाट्याने. त्याआधी खिसे तपासणी.

“गुरुजी, काय आहे ते काढा बरं.”

मी सांगितलं की हे माझं औषध आहे. सगळे फिदीफिदी हसले. अध्यक्षांनी माझ्या खिशात हात घालून मूठभर संत्रागोळ्या काढल्या, सगळ्यांना दाखवल्या, दारूचा साठा पकडल्यासारख्या. “तुमच्याच भल्यासाठी,” म्हणाले, “माह्या नातवाले होतील.” आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकल्या. मी तिथंच भांडायला हवं होतं, नाहीतर घरी परतायला हवं होतं. पण चार लोकांत तमाशा नको म्हणून गप्प राहिलो. सभ्यपणा नडतो म्हणतात तो असा.

डेपो मागे पडला आणि मला घाम फुटला. धुकं पडलेलं, सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, आणि मी मे महिन्यातल्यासारखा भिजलेलो. पाय कापसाचे झाले. काय होतंय ते कळत होतं, पण ते कळणंसुद्धा लांबून कुणीतरी हाक मारावी तसं. मला एवढंच उमगत होतं की माझी साखर अध्यक्षांच्या डाव्या खिशात आहे आणि ती माझ्यापुढे चालली आहे. मी त्यांना गाठलं. ‘गोळ्या द्या’ म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “ते... ते द्या... नातू...” शब्द सापडेना म्हणून मी सरळ त्यांच्या खिशात हात घातला.

काय गहजब झाला! अध्यक्षांनी माझा हात झटकला, मी तोल जाऊन कडेच्या गवतात बसलो. दुकानदार वाकून माझा वास घेऊ लागले. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे इथे प्रत्येक जण दारूचा जाणकार आहे.

“वास तं येत नाई,” ते म्हणाले.

“बिनवासाची भेटते आजकाल,” अध्यक्षांनी निकाल दिला. “डोये पहा त्याचे. दिवस निंगाच्या आधीच लावून आला. मास्तर माणूस! आपल्यासोबत कोणी पाह्यलं तं आपली काय इज्जत राहील?”

मग शिट्टी वाजली. बरोबर निघालेली, बरोबर परतणारी, कोणाला मागे न सोडणारी ती मंडळी मला वाघाच्या रस्त्यावर बसवून धुक्यात निघून गेली. माझ्या गोळ्याही गेल्या. मला भीती वाटली नाही. भीती वाटायलाही थोडी साखर लागत असावी. आता इथंच जरा झोपावं असं वाटत होतं, आणि झोपलो असतो तर उठलो नसतो.

पुढेच नाल्यावर एक पुलिया, म्हणजे छोटा पूल, होता. त्याच्या कठड्यावर एक माणूस घोंगडं पांघरून बसलेला होता. त्याला सगळं गाव ओळखतं. डेपोत लाकडं चढवण्याची हमाली करायचा, आता मोहाची पिऊन पडलेला असतो. बंदी त्याच्यासाठी नव्हती, बंदी फक्त फलकासाठी होती. त्याने सगळा प्रकार पाहिला होता. उठून आला, माझ्या काखेत हात घातले आणि मला ओढत कठड्याला टेकवून बसवलं.

“जास्त झाली का भाऊ?” तो म्हणाला. “होते. मले बी होते. थांब, मायाकडे उतारा हाय.”

त्याने घोंगड्याखालून एक प्लास्टिकची बाटली काढली. गूळ आणि लिंबू कालवलेलं पाणी होतं, घट्ट, मळकट रंगाचं. सकाळी डोकं ठणकू नये म्हणून तो ते रात्रीच करून ठेवत असे. त्याने माझी मान धरली आणि बाटली ओठाला लावली.

“घोट घोट पे. घाई करू नोको. आता सप्पा पे, थेंब ठेवू नोको. मी बसलो हाव ना इथी.”

मी प्यालो. निम्मं अंगावर सांडलं, निम्मं पोटात गेलं. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत बोलत राहिला. घरी गेल्यावर बायकोपुढं बोलायचं नाही, मान खाली घालून झोपायचं, ती रडली तरी उत्तर द्यायचं नाही, असा दारुड्याचा सगळा संसार त्याने मला समजावून सांगितला. हळूहळू झाडं जागेवर आली. माझं नाव मला आठवलं. थंडी वाजायला लागली तेव्हा मी समजलो की वाचलो. मला रडू आलं आणि मी रडलो. तो म्हणाला, “रड, रड. उतरली का रडू येतेच.”

मग तो मला हाताला धरून घरी घेऊन निघाला. अख्खं गाव जागं झालेलं. दुधाच्या केंद्रावरची रांग आमच्याकडे बघत होती: गावचा नामांकित बेवडा आणि शाळेचे गुरुजी, गळ्यात गळा घालून. शाळेत मी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली. ज्या शाळेत दर वर्षी मी पोरांना व्यसनमुक्तीची शपथ देतो तिथल्या मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून दार लावलं आणि लेखी खुलासा मागितला. मी त्यांच्यासमोर शर्ट वर केला आणि पोटावरच्या सुयांचे डाग दाखवले. ते खुर्चीत मागे सरकले. खुलासा पुन्हा मागितला नाही, पण पोरांच्या आया मात्र कितीतरी दिवस मला बघून पदर नाकाला लावत.

बायको माझ्यासारखी सभ्य नाही, देवाची कृपा. तिने बोट टोचायचं यंत्र उचललं आणि अध्यक्षांचं घर गाठलं. त्यांच्या अंगणात, त्यांच्या सुनेसमोर म्हणाली, “माह्या नवऱ्याचं औषध तुमच्या खिशात हाय, ते काढा आधी.” अध्यक्षांनी खिसा चाचपला. गोळ्या नव्हत्या. नातवाने खाल्ल्या होत्या, आणि तो त्या वेळी ओसरीवर बसून शेवटची चघळत होता.

संध्याकाळी मंडळ आमच्याकडे आलं. सोबत केळी आणली होती. आता त्यांना माझ्या तोंडात साखर कोंबण्याची कोण घाई!

“गुरुजी, आम्हाले वाटलं तुम्ही पेऊन हाव,” अध्यक्ष म्हणाले. “बिमारी हाय हे माहीत असतं तं आम्ही सोडून गेलो असतो का?”

“आणि खरंच प्यायलो असतो तर?” मी विचारलं. “वाघ वास घेऊन बघतो का?”

दुकानदारांनी चहाच्या कपात तोंड घातलं. अध्यक्ष म्हणाले, तो विषयच वेगळा. मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत त्यांनी मला मानद उपाध्यक्षपद देऊ केलं. मी केळी ठेवून घेतली आणि पद परत केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट टोचलं, शुगर बघितली, बिस्किटं खाल्ली, शर्टाचे आणि पॅन्टचे सगळे खिसे गोळ्यांनी भरले आणि पुलियावर गेलो. माझ्याकडे राहिलेली त्याची बाटली धुऊन, नवा गूळ घालून नेली होती. तो तिथंच होता. त्याने मला बसायला जागा करून दिली.

मी त्याला सांगितलं की मी काल प्यायलो नव्हतो. आयुष्यात कधी प्यायलो नाही. ती शुगरची बिमारी होती.

त्याने माझ्याकडे टकामका पाहिलं. त्याला पटायला वेळ लागला. मला वाटलं, आता फसवल्यासारखं वाटेल याला, किंवा जीव वाचवला म्हणून फुशारकी मारेल. तसं काही झालं नाही. धुक्यातून शिट्टी ऐकू आली आणि मंडळ आमच्यासमोरून गेलं, अध्यक्ष सगळ्यांत पुढे. आम्हा दोघांकडे कोणी मान वळवली नाही.

ते गेल्यावर तो म्हणाला, “पेला नव्हता तं मंग तुले काऊन सोडून गेले?”

त्याला खरोखरच कळत नव्हतं. प्यालेल्याला टाकून जातात हे तो धरूनच चालला होता, त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. मी म्हणालो, अध्यक्षांना विचारून सांगतो. तो अजून अधूनमधून मला विचारतो, काय म्हणाले म्हणून.