नाथाजीनं बुजवलेल्या पायऱ्या

नाथाजी शेंडगे लढाईत इराणला होता, लष्करी दवाखान्यात. १९४६ साली तो औंधच्या पूर्वेकडच्या आपल्या गावी परतला, तेव्हा बायको राहीबाई पाय पसरून बसली होती. घोट्यातून नारूच्या जंताचा पांढरा दोरा बाहेर आला होता. ऐन पेरणीत निम्मं गाव असंच आडवं असायचं.

इराणात एका रशियन कंपाउंडरनं त्याला दुभाष्याकरवी सांगितलं होतं, की त्यांच्या मुलखातल्या बुखारा शहरात लोक पायऱ्या उतरून पिण्याच्या पाण्याच्या टाक्यात शिरायचे. नारूचे पाय पाण्यात आणि तेच पाणी पोटात. सरकारनं तसली टाकी बंद केली, नारू हटला. नाथाजीनं ते वहीत उतरवून घेतलं होतं. गावची विहीरही पायऱ्यांचीच होती.

चावडीवर त्यानं पायऱ्या बुजवायचं काढलं, तसा गावातला धुळा उसळला. "माज्या आज्यानं घडवल्यात त्या!"

"आन त्याच आज्याला नारूनं लंगडा केला का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी धुळा विहिरीवर आला. दगडांची पहिली पाटी त्यानंच टाकली. कठडा झाला, कप्पी लागली. पुढच्या पावसाळ्यात आधीच पोटात गेलेला नारू निघाला आणि लोकांनी नाथाजीला शिव्या घातल्या. त्याच्या पुढच्या साली एकही पाय सुजला नाही.

ते ऐकून साताऱ्याहून डॉक्टर गद्रे आले. नाथाजीकडं जेवले. म्हणाले, "सरकार सध्या देशोदेशींच्या आरोग्य योजना अभ्यासतंय. तुमचा बुखारा मी वरपर्यंत नेतो. तालुक्यातल्या सगळ्या विहिरी अशा होतील." नाथाजीनं वही त्यांच्या हवाली केली.

वर्षभरानं दारात हवालदार उभा. "रशियात कोन वळखीचं हाय तुजं? पत्रं येत्यात?" त्याच्या हातात तीच वही होती.

नाथाजी तडक साताऱ्याला गेला. डॉक्टर ट्रंक भरत होते. सरकार त्यांना शिकायला अमेरिकेला पाठवत होतं.

"रशियाचं नाव ऐकून वरचे साहेब बिथरले," ते म्हणाले. "पोलिसांना वही दिली नसती तर माझंही जाणं अडलं असतं."

"आवं, पन नारूला काय ठावं, इलाज कुन्या देशाचा?"

डॉक्टर कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

"माज्या घरी जेवला हुता तुमी," एवढंच बोलून नाथाजी पायऱ्या उतरला.

मग तो बहिणीच्या गावच्या विहिरीच्या पायऱ्या बुजवायला गेला. पाटलानं वेशीतच अडवलं. "गड्या, तुज्यामागं पोलीस हायती." त्या पावसाळ्यात बहीण अंजना नारूनं दोन महिने अंथरुणाला खिळली.

पुढं कुणी सरकारी माणूस विहीर बघायला आला, की नाथाजी रानात निघून जायचा. विहीर धुळा दाखवायचा.