नाटकातले बाबूजी

बाबूजी रंगमंचावर आले की पुढे सतरंजीवर बसलेली पोरं पाय आखडून घ्यायची आणि मागे उभी असलेली माणसं हातातल्या बिड्या विझवायची. हे नाटक आहे आणि हा माणूस कामठ्याचा एक धानाचा शेतकरी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी बापासमोर बिडी कशी ओढायची? आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात, आणि माझ्या आठवणीत तरी बाबूजींनी त्यांत बापाशिवाय दुसरी भूमिका केली नाही. पत्रकावर त्यांचं खरं नाव छापलेलं असे, पण ते कोणी वाचत नसे. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं.

पार्टीच्या, म्हणजे नाटक कंपनीच्या, पेटीत बापासाठी इस्त्रीचं धोतर असायचं. ते त्यांनी कधी नेसलं नाही. घरून येताना अंगावर असलेलं, चिखलाचे जुने डाग राहिलेलं धोतरच ते रंगमंचावर नेसून उभे राहायचे. पार्टीचा मालक कुरकुरला की म्हणायचे, "इस्त्री करून घरात बसते तो बाप नसते गा, पाहुणा असते."

लेकीचं काम करणारी नटी दर हंगामात बदलायची. कधी नागपूरची, कधी वडशाची. ती आली की बाबूजी तिला पहिला प्रश्न विचारायचे, "तुले तुये वडील घरी काय म्हणतेत?" मग नाटकात लेखकाने दिलेलं नाव एकदा घ्यायचे आणि पुढे तिच्या घरच्याच नावाने हाक मारायचे. त्या हाकेला ती पोरगी अशी वळून बघायची की समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लोकांना ही सवय माहीत होती. यंदा लेकीचं नाव काय, याची दवनीवाड्यात आधीपासून चर्चा असायची.

दवनीवाडा आमचं गाव. माझे वडील तिथल्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणतो. नाटकाच्या दिवशी कलाकारांचं जेवण आमच्या घरी असे आणि बाबूजी दुपारीच येऊन बसत. आईची टीव्हीवरची मालिका लागलेली असे. बाबूजी तिच्यातली नायिका बघत नसत, सून बघत नसत, फक्त बाप बघत. एकदा मालिकेतल्या बापाने घरच्यांसमोर लांबलचक भाषण केलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबूजी म्हणाले, "सकाळपासून सोफ्यावर बसून आहे हा. याच्या धानाची रोवणी कोण करून राहिला?" थोड्या वेळाने पुन्हा, "बोलते भल्ला. पण पोरीले जेवली का म्हणून इचारलं का यानं?" आई रडता रडता हसली. बाबूजींनी नापास केलेला बाप आमच्या घरात नापासच राहायचा.

आता आमच्या घरचं सांगते. माझी ताई लहानपणापासून शिकायला गोंदियात मामाकडे होती, नाटकाच्या दिवसांत ती कधी इथे नसे. तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न केलं. मुलगा सज्जन, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पण जातीतला नाही. भाऊंनी तिला अंगणात उभं राहून सांगितलं, "चालती हो. तू मले मेली." त्यानंतर घरात तिचं नाव निघणं बंद झालं. आई गुरांच्या कोठ्यामागे जाऊन तिला फोन करायची आणि भाऊ तेवढा वेळ मुद्दाम बाहेर थांबायचे, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र मला त्यांचा राग राग यायचा.

त्या वर्षीच्या नाटकातही तसाच प्रसंग होता. मनाविरुद्ध लग्न केलेली लेक दारात येते, बाप तिला हाकलतो आणि शेवटच्या अंकात ती हाल होऊन बापाच्या पायाशी मरते. बाप अर्थातच बाबूजी. गावोगाव त्यांच्या "चालती हो" या वाक्याला टाळ्या पडत होत्या.

संध्याकाळी पंगत बसली. भाऊ स्वतः वरण वाढत होते. बाबूजींपाशी आले आणि छाती काढून म्हणाले, "बाबूजी, तुमचा तो डायलॉग आहे ना, चालती हो म्हणून, तो मी याच अंगणात मारला आहे. माया पोरीले."

बाबूजींचा हात भातातच थांबला. त्यांनी विचारलं, "घरी काय म्हनत होते तिले?"

भाऊ वरण ढवळू लागले. भाताचं पातेलं घेऊन दारात उभी असलेली आई म्हणाली, "छकुली." लग्नानंतर पहिल्यांदा ते नाव घरात मोठ्याने उच्चारलं गेलं. भाऊ वरणाचं भांडं ठेवून बाहेर निघून गेले.

नाटकात तो प्रसंग आला. नटी पिशवी घेऊन दारात उभी. पुढे खड्ड्यात बसलेल्या प्रॉम्प्टरने वाक्य दिलं, "चालती हो." बाबूजी बोलेनात. प्रॉम्प्टरने पुन्हा दिलं, इतक्या जोरात की आम्हाला पहिल्या रांगेत ऐकू आलं. बाबूजींनी एकदा भाऊंकडे बघितलं, मग त्या पोरीकडे.

"छकुली," ते म्हणाले, "हातपाय धू. आधी जेवाले बस. बाकीचं मंग पाहू."

आणि तिथे नाटक कोसळलं. लेक घरीच राहिली म्हटल्यावर तिचे हाल कसे होणार? खलनायक चाकू घेऊन आला तर ती बापाशेजारी बसून जेवत होती. तो बिचारा दोनदा हसून परत गेला. विनोदी नटाने उरलेला वेळ कसाबसा रेटला, दोन नाच जास्तीचे झाले आणि पडदा पडला. मागून काही जण ओरडले. माझ्या शेजारची म्हातारी मात्र समाधानाने म्हणाली, "बेस झालं व माय. पोरगी वाचली."

भाऊ तरातरा पडद्यामागे गेले. मी त्यांच्या मागे.

"काऊन बदललं? लोकायनं तिकीट काढलं होतं."

बाबूजी खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसत होते. "भाऊ, इतके दिवस टाळ्या भेटून राहिल्या होत्या. मले वाटे, त्या ॲक्टिंगले हायेत."

भाऊ आल्या पावली मागे फिरले. मीही.

मालकाने दुसऱ्याच दिवशी ती भूमिका काढून घेतली. भर हंगामात बाबूजी घरी बसले. कोणी हळहळलं की म्हणायचे, "उन्हाळी धानाले पानी द्याले कोणी पाह्यजेच होतं." ज्या टाळ्यांवर ते जगले, त्या त्यांनी एका अनोळखी पोरीसाठी सोडून दिल्या. मला त्यांचा केवढा अभिमान वाटतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, पण ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

उन्हाळ्यात चुलतभावाच्या लग्नासाठी ताई गावात आली. मांडवात जाण्याआधी ती आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. नवरा चार पावलं मागे. भाऊ अंगणात खाटेवर बसले होते. आई चुलीपुढून उठली, मी दाराची चौकट घट्ट धरली. भाऊंनी तोंड उघडलं, मिटलं. अंगण तेच होतं. मग ते म्हणाले,

"छकुली, हातपाय धू. आधी जेवाले बस. बाकीचं मंग पाहू."

जसंच्या तसं, मधे थांबायचं तिथे थांबून. मग जावयाकडे न बघता म्हणाले, "त्यालेही बसव." बाकीचं पाहायचं अजून राहूनच गेलं आहे.

बाबूजी गेल्या पावसाळ्यात वारले. भाऊ कामठ्याला गेले ते ताईला बरोबर घेऊनच. तिथे बायाबापड्यांत कितीतरी नट्या आल्या होत्या, कधीकाळी त्यांच्या लेकी झालेल्या. प्रत्येकीला त्यांनी कोणत्या नावाने हाक मारली होती, ते त्या एकमेकींना सांगत होत्या. ताई त्यांना एकदाही भेटली नव्हती. तरी तिनेही आपलं नाव सांगितलं.

आता संध्याकाळी आमच्याकडे टीव्ही लागतो. मालिकेतला बाप हात पसरून भाषण सुरू करतो. आईचा पदर डोळ्यांकडे जातो. खाटेवरून भाऊंचा आवाज येतो, "भाषण मंग दे गा. पोरगी उपाशी उभी आहे तुई."