माझ्या फोल्डरमधले तीन प्रोग्राम

माझा स्वभाव शंकेखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. मोहाडीच्या बाजारात वांगी घ्यायची असली तरी मी आधी काट्याचं रिकामं पारडं उचलून बघते. आई म्हणते, या पोरीले देवानं प्रसाद देला तरी हे हुंगून खाईन. आता खोटं कशाला बोलू, हुंगतेच मी.

भंडाऱ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला सी लँग्वेज होती. कॉम्प्युटर कमी, म्हणून एकावर दोघी. माझ्या वाट्याला आली शहापूरवाली. अबोल पोरगी, पण माझ्या बाबतीत तिला भलत्याच चौकशा. तुमची धानाची रोवणी कधी? घरी रोवायला किती जणी? एकदा तर माझी प्रॅक्टिकलची वही रात्रभरासाठी मागून नेली. मी व्हेरिएबलना एक, दोन, तीन अशीच नावं द्यायची, कारण दुसरं काही सुचायचं नाही. ते बघून तिनं विचारलं, नेहमी असंच लिहितेस का? म्हटलं हो, काहून? तिनं नुसतं वहीचं पान उलटलं. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं. म्हणजे ओळखलं असं मला वाटलं.

सरांचा नियम सरळ होता. दिलेला प्रोग्राम स्वतः लिहायचा, चालवायचा आणि आपल्या रोल नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. दोनपेक्षा जास्त राहिले तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसायचं नाही. मी दोन केले, आणि घरी धानाचे परहे, म्हणजे रोवायची रोपं, उपटायजोगे झाले.

रोवणीला आमच्याकडे नाही म्हणता येत नाही. आज आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, शेजारच्या बाया, उद्या त्यांच्या बांधीत आम्ही. घरातली एक बाई कमी पडली की अख्ख्या मोहल्ल्यात बोलणं. दहा दिवस मी गुडघाभर चिखलात होते आणि डोक्यात एकच हिशेब, तिसरा गेला, चौथा गेला, पाचवा गेला. परीक्षा गेली तर वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं तर बाबा म्हणतील, झालं शिक्षण, पुरे.

अकराव्या दिवशी पहिल्या बसनं गेले, लॅबमध्ये शिरले, फोल्डर उघडलं. आत तिसरा, चौथा, पाचवा, तिन्ही प्रोग्राम तयार. चालवून बघितले, चालले. व्हेरिएबलची नावं एक, दोन, तीन. कंसाच्या आधी उगाच मोकळी जागा सोडायची माझी खोड, तीसुद्धा हुबेहूब.

दुसरी एखादी खुश झाली असती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या नावानं, माझ्यासारखं लिहून कुणीतरी मला अडकवायला बघतंय. उद्या सर विचारतील, तू तर गैरहजर होतीस, हे कुठून आलं? मग मी काय सांगू? शहापूरवालीची बस लेट होती. तिची वाट बघावी, तिला एक शब्द विचारावा, इतकंही मला सुचलं नाही. सरळ सरांकडे गेले आणि सांगितलं, माझ्या फोल्डरमध्ये कुणीतरी हात घातला आहे.

सर नागपूरहून येणारे, नियमाला पक्के. वर्ग भरल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी केलं? शहापूरवाली लगेच उभी राहिली.

"मी केलं सर. तिची पात मागं पडली होती."

सरांना काही कळलं नाही. मला मात्र कळलं, आणि जीव नको झाला. रोवताना प्रत्येक बाईची आपली पात असते, म्हणजे तिनं रोवत मागं सरकायचा पट्टा. एखादी मागं राहिली तर शेजारची तिच्या पातीत चार हात लावते आणि तिला रांगेत आणते. विचारत नाही, नंतर सांगतही नाही. सांगितलं तर त्या बाईचा कमीपणा होतो. त्या दहा दिवसांत माझी पातही शेजारच्या काकूंनी दोनदा ओढली होती. मी तेव्हा मान वर करून बघितलंही नव्हतं.

सरांनी निकाल दिला. मी खरं बोलले म्हणून मला शनिवारपर्यंत मुदत. तिनं दुसऱ्याच्या नावानं काम केलं, म्हणून तिची प्रॅक्टिकल परीक्षा या सेमिस्टरला बंद. वर माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक! मी मागाहून सरांच्या केबिनमध्ये जाऊन रडले, म्हटलं, तिनं माझ्यासाठी केलं, तिच्याऐवजी मला परीक्षेतून काढा. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा.

तिला मी काय बोलणार? माफी मागितली तर ती म्हणाली, राहू दे. आणि शनिवारपर्यंत रोज माझ्या बाजूला बसली. पाचव्यात माझा लूप थांबतच नव्हता. ती कीबोर्डला हात लावत नव्हती, नुसती विचारत होती, ही अट खोटी कधी होईल, सांग. तिन्ही प्रोग्राम मी माझ्या हातानं चालवले.

परीक्षेच्या दिवशी दारावर यादी लागली होती. त्यात तिचा नंबर नव्हता. तरी ती आली होती, दाराशी उभी होती. मला म्हणाली, "घाबरू नको. आधी कागदावर लिहून घे, मंग टाईप कर."

मी मान हलवली आणि आत गेले. तिनं माझ्यासाठी काय सोसलं ते मला चांगलं माहीत होतं. तरी खुर्चीवर बसताना माझ्या मनात पहिला विचार हाच आला, हे आज कायले आली असेल?